पहिला घास

उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, नॉर्वे देशाच्या किनाऱ्यालगत लोफोटेन नावाची द्वीपमाला आहे. समुद्रातून सरळ वर उठलेले बर्फाच्छादित डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेली कोळ्यांची लहान लहान गावे, असे तेथील दृश्य आहे. दरवर्षी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कॉड जातीच्या माशांच्या प्रचंड झुंडी दूरच्या बॅरेंट्स समुद्रातून येथे अंडी घालण्यासाठी येतात. त्यांच्या मागोमाग होड्या येतात आणि एरवी शांत असणारी बंदरे गजबजून जातात. शतकानुशतके तेथील माणसांचा चरितार्थ या माशावर चालत आला आहे.

परंतु या धंद्यात एक मोठी अनिश्चितता होती. काही वर्षे होड्या माशांनी भरून येत, तर काही वर्षे त्या जवळजवळ रित्या परतत. जाळी तीच, कोळी तेच, समुद्रही तोच. मग मासे कोठे जात? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी १८६४ साली नॉर्वेच्या सरकारने गेऑर्ग ओसियन सार्स या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला लोफोटेनला पाठविले. कॉड मासा समुद्राच्या तळाशी अंडी घालतो, अशी त्या काळी समजूत होती. सार्स यांना निराळेच आढळून आले. कॉडची अंडी पृष्ठभागाजवळच्या पाण्यात तरंगत होती. दीड मिलिमीटरहूनही लहान असलेले ते पारदर्शक मणी लाटांबरोबर आणि प्रवाहाबरोबर वाहत चालले होते.

कॉडची एक मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. ही सर्व अंडी जगून त्यांचे मोठे मासे झाले असते, तर थोड्याच वर्षांत समुद्रात पाण्याला जागा उरली नसती. तसे होत नाही. नर आणि मादी यांच्या जागी सरासरी दोनच पिले जगून मोठी झाली, तरी त्या जातीची संख्या कायम राहते. म्हणजे लाखो पिलांपैकी बाकीची सर्व मोठी होण्यापूर्वीच नाहीशी होतात. ती केव्हा आणि कशाने नाहीशी होतात, हाच खरा प्रश्न होता.

दक्षिण नॉर्वेतील गुंडर मॅथिसेन डॅनेविग या जहाजाच्या कप्तानाला वाटले की, नाश अंड्यांचा होत असला पाहिजे. ती सुरक्षित जागी उबवून पिले समुद्रात सोडली, तर मासे वाढतील. १८८२ साली त्याने आरेंडाल गावाजवळ फ्लोडेविगेन येथे एक उबवणी केंद्र स्थापन केले. तेथे वाहत्या समुद्रजलाच्या पेट्यांत कॉडची अंडी ठेवीत आणि त्यांतून बाहेर पडलेली कोट्यवधी पिले जवळच्या खाड्यांत सोडून देत. हे कार्य पुढे अनेक दशके, १९७१ सालापर्यंत, मोठ्या निष्ठेने चालू राहिले. परंतु त्यामुळे त्या समुद्रातील मासे वाढले, असा निर्विवाद पुरावा कधीच हाती आला नाही.

डॅनेविगच्या कष्टांत उणीव नव्हती. उणीव होती ती ज्ञानात. अंड्यातून सुखरूप बाहेर पडणे ही पिलाची शेवटची परीक्षा नव्हे. ती तर त्याची पहिली परीक्षा असते. दुसरी आणि अधिक कठीण परीक्षा थोड्याच दिवसांत येते. ती म्हणजे पहिला घास मिळविणे, गिळणे आणि पचविणे.

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले कॉडचे पिलू सुमारे ४ मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही आखूड असते. त्याचे रूप आईबापांच्या रूपाशी मुळीच जुळत नाही. अशा बाल्यावस्थेतील जीवाला शास्त्रज्ञ ‘डिंभ’ असे म्हणतात. डिंभाचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते आणि त्याच्या पोटाखाली एक फुगीर पिशवी लोंबत असते. या पिशवीत पीतक, म्हणजे कोंबडीच्या अंड्यातील पिवळ्या बलकासारखा पौष्टिक पदार्थ असतो. आईने आपल्या लेकराला बांधून दिलेली ती शिदोरीच होय. बहुतेक सागरी माशांच्या पिलांना जन्मतः उघडे तोंड नसते. आतडे म्हणजे केवळ एक सरळ, बारीक नळी असते. बाहेरचे अन्न घेण्याची सोयच नसल्याने पिलू या शिदोरीवर जगते.

ही शिदोरी मर्यादित असते. लोफोटेनच्या थंड पाण्यात ती सुमारे आठवडाभर पुरते. तेवढ्या अवधीत पिलाच्या शरीरात फार मोठे काम उरकावे लागते. जबडे तयार होऊन तोंड उघडते. आतड्याच्या नळीचे निरनिराळे भाग पडतात आणि तिला यकृत व स्वादुपिंड ही इंद्रिये जोडली जातात. स्नायूंना बळ येते. या सर्व बांधकामाला लागणारे साहित्य त्या एकाच पिशवीतून घ्यावयाचे असते. म्हणून पिलू जसजसे तयार होत जाते, तसतशी पिशवी आटत जाते. पिशवी पुरती रिकामी होण्यापूर्वीच पिलाने शिकारीस आरंभ केला, तर त्याच्या जगण्याची आशा असते.

हे पिलू शिकार तरी कशाची करते? समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना सहसा न दिसणारे असंख्य जीव तरंगत असतात. त्यांना ‘प्लवक’ म्हणतात. त्यांपैकी काही वनस्पती असतात, तर काही प्राणी. कॉडच्या पिलाचे मुख्य भक्ष्य म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातील कोपेपॉड नावाच्या प्राण्यांची बाळे. ही बाळे मिलिमीटरच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढी असतात. पिलाचे तोंडही तेवढेच इवलेसे असते. त्यात मावणार नाही असे भक्ष्य कितीही पौष्टिक असले, तरी त्याच्या उपयोगी पडत नाही. उलट भक्ष्य फारच लहान असेल, तर ते पकडण्यात जेवढी शक्ती खर्च होते, तेवढीही त्यापासून भरून निघत नाही.

पिलू डोळ्यांनी पाहून शिकार करते. म्हणून त्याला उजेड लागतो. थोडे पोहावे, थांबावे, आसपास पाहावे आणि पुन्हा थोडे पोहावे, असा त्याचा क्रम असतो. त्याची दृष्टी फार दूर पोहोचत नाही. काही मिलिमीटरच्या टापूत जे असेल, तेवढेच त्याचे जग. शिवाय एवढ्या लहान देहाला पाणी आपल्याला वाटते तसे पातळ वाटत नाही. काकवीतून वाट काढावी, तसे त्याला पाण्यातून पुढे सरकावे लागते. हेरिंग माशाचे पिलू भक्ष्य दिसताच आपले अंग नागमोडी वळविते, क्षणभर स्थिर राहते आणि ताणलेल्या कमानीप्रमाणे एकाएकी सरळ होऊन भक्ष्यावर झेप घेते. आरंभी यांतील बहुतेक झेपा फुकट जातात. भक्ष्य निसटते, नेम चुकतो आणि शक्ती मात्र खर्च होते. परंतु ज्या पिलाला घास मिळतो, त्याला नवी शक्ती येते. सरावाने त्याचा नेम सुधारतो आणि पुढच्या झेपेत यश येण्याचा संभव वाढतो.

घास पोटात गेला, तरी काम संपत नाही. तो पचला पाहिजे. मनुष्याने खाल्लेले अन्न प्रथम जठरात जाते. तेथे आंबट पाचक रस त्यावर काम करू लागतो. प्रौढ कॉड माशालाही असे जठर असते. परंतु त्याच्या पिलाला जठर नसते. त्याने गिळलेले भक्ष्य सरळ आतड्यात जाते. मग पचन होते कसे? स्वादुपिंडातून पाझरणारे रस आतड्यात येऊन भक्ष्यातील प्रथिनांचे तुकडे करतात. या रसांना आंबटपणाची गरज नसते. यकृतातून येणारे पित्त स्निग्ध पदार्थ फोडण्यास साहाय्य करते. तरीही काही प्रथिने पुरती विरघळत नाहीत. तेव्हा आतड्याच्या मागील भागातील पेशी एक विलक्षण काम करतात. त्या प्रथिनांचे सूक्ष्म कण जसेच्या तसे आपल्या आत ओढून घेतात आणि तेथे त्यांचे पचन पुरे करतात. जणू जठराची उणीव एकेक पेशी आपल्या परीने भरून काढते.

एके काळी काही शास्त्रज्ञांना असे वाटत असे की, पिलाजवळ पुरेसे पाचक रस नसावेत आणि गिळलेल्या भक्ष्याच्या अंगातील रसच त्या भक्ष्याचे पचन घडवून आणीत असावेत. पुढे काळजीपूर्वक मोजमाप करण्यात आले, तेव्हा भक्ष्याच्या रसांचा वाटा अगदी अल्प असल्याचे दिसून आले. पिलू आपले पचन मुख्यतः स्वतःच्याच बळावर करते. मात्र हे बळ बेताचेच असते. मऊ, पाणीदार, जिवंत भक्ष्य त्याला पचते. कोरडे, कठीण अन्न सहसा पचत नाही. काही आठवडे लोटल्यावर, डिंभाचे रूप पालटून तो माशासारखा दिसू लागण्याच्या सुमारास, त्याला खरे जठर येते.

आता पुन्हा त्या मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी त्याचा नव्या रीतीने विचार केला. झाडाच्या खोडातील कड्यांवरून झाडाचे वय समजते, तसे माशाच्या खवल्यांवरील कड्यांवरून त्याचे वय ओळखता येते. योर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरिंग माशांची वये अशा प्रकारे तपासली, तेव्हा एक आश्चर्यकारक गोष्ट उघडकीस आली. १९०४ साली जन्मलेल्या हेरिंगांचीच संख्या पुढे अनेक वर्षे जाळ्यांत सर्वांत अधिक भरत होती. त्या एका वर्षी एवढी पिले जगली होती की, इतर वर्षांची पिले त्यांच्यापुढे नगण्य ठरली. मग १९०४ साली असे काय घडले होते?

१९१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात योर्ट यांनी एक कल्पना मांडली. पिलांची शिदोरी संपण्याची वेळ आणि समुद्रात त्यांचे भक्ष्य विपुल असण्याची वेळ, या दोन्ही जुळून आल्या, तर त्या वर्षी असंख्य पिले जगतात. त्या जुळल्या नाहीत, तर उपासमारीने त्यांचा संहार होतो. वसंतात ऊन वाढले की समुद्रातील सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात. त्या खाऊन कोपेपॉड वाढतात. आणि कोपेपॉडांची बाळे खाऊन माशांची पिले वाढतात. या साखळीतील एखादी कडी काही दिवस मागेपुढे झाली, तर पिलांचे तोंड उघडते, पण त्यात पडण्यास घास नसतो. भुकेने व्याकूळ झालेले पिलू काही दिवस तग धरते. त्यानंतर एक दिवस असा उजाडतो की, त्याच्यासमोर भक्ष्य आले, तरी ते पकडण्याची शक्ती त्याच्या अंगी उरलेली नसते. त्या दिवसानंतर अन्न मिळूनही उपयोग होत नाही.

भक्ष्य समुद्रात असून भागत नाही; ते पुरेसे दाटही असावे लागते. अमेरिकेतील रूबेन लास्कर या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत अँकोव्ही नावाच्या लहान माशांच्या पिलांचा अभ्यास केला. शांत समुद्रात पृष्ठभागाखाली सूक्ष्म जीवांचा एक दाट थर असतो आणि पिले त्यावर पोट भरतात, असे त्यांना दिसले. १९७४ साली त्यांचे निरीक्षण चालू असतानाच वादळ झाले. लाटांनी पाणी ढवळून निघाले आणि तो थर विखुरला. भक्ष्य इतके विरळ झाले की, त्या पाण्यात पिलांना पोटभर खाणे अशक्य झाले.

योर्ट यांची कल्पना हे संपूर्ण उत्तर नव्हे. इतर प्राणी पिलांना खातात, प्रवाह त्यांना भलतीकडे वाहून नेतो, पाण्याची उष्णता बदलते. या सर्वांचा परिणाम होतो, असे पुढील संशोधनाने दाखवून दिले आहे. तथापि डॅनेविगच्या पिलांची कथा या कल्पनेमुळे अधिक स्पष्ट झाली. तो पिलांना समुद्रात सोडी, तेव्हा त्यांची शिदोरी अजून संपावयाची असे. त्यांच्या खऱ्या संकटाला त्यानंतर आरंभ होई. स्वतः डॅनेविगने १८८६ साली एक निराळा प्रयोग केला होता. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या एका मोठ्या बंदिस्त तलावात त्याने कॉडची पिले सोडली आणि त्यांतील काही पिले वाढून लहान मासे झाली. त्या तलावात त्यांच्या मुखी लागणारे जिवंत अन्न होते.

मग माणसाच्या देखरेखीखाली पिलांना पहिला घास कसा भरवावा? हा प्रश्न अनेक वर्षे सुटला नाही. १९३९ साली नॉर्वेच्याच गुनार रोलेफसेन या शास्त्रज्ञाने प्लेस या चपट्या माशाच्या पिलांना आर्टेमिया नावाच्या जीवाची बाळे खाऊ घालता येतात, असे दाखविले. आर्टेमिया हा अति खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा कोळंबीसारखा लहान प्राणी आहे. त्याची वाळलेली अंडी वर्षानुवर्षे डब्यात ठेवता येतात. खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात त्यांतून जिवंत बाळे बाहेर पडतात. जेवणाची वेळ झाली की ताजे अन्न हजर!

परंतु अनेक माशांच्या पिलांच्या तोंडात आर्टेमियाचे बाळही मावत नाही. त्यांच्यासाठी त्याहून लहान जीव हवा होता. तो जपानमध्ये सापडला. तेथे ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव माजत आणि मत्स्यपालकांना ते उपद्रवी वाटत. १९६० च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी त्यांनाच मुद्दाम वाढवून माशांच्या पिलांना भरविण्यास आरंभ केला. जो जीव कालपर्यंत उपद्रवी होता, तोच असंख्य पिलांचा पहिला घास ठरला.

या ज्ञानाचा लाभ भारतालाही झाला. कोकणच्या खाड्यांत मिळणारा जिताडा हा मासा विशेषतः रायगड जिल्ह्यात फार आवडीने खाल्ला जातो. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याची पिले बंदिस्त जागेत जन्माला घालून वाढविण्यात यश मिळविले. जिताडा उष्ण पाण्यातील मासा असल्याने त्याच्या पिलांचे सर्व व्यवहार त्वरेने होतात. अंडे एका दिवसाच्या आतच फुटते. पिलू जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचे असते. दोन दिवसांच्या सुमारास त्याचे तोंड उघडते आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या टाकीत रोटिफर सोडावे लागतात. पुढे ते थोडे मोठे झाले की त्याला आर्टेमियाची बाळे देतात. सुमारे अडीच आठवड्यांत त्याचे जठर काम करू लागते. मग हळूहळू तयार खाद्याची सवय लावता येते. त्या वयात मोठी पिले लहान भावंडांनाच गिळू लागतात, म्हणून आकारानुसार त्यांची वरचेवर निवड करून ती वेगवेगळी ठेवावी लागतात.

अशा केंद्रातील काम फार दक्षतेचे असते. एका टाकीत सूक्ष्म शैवाल वाढवावयाचे, दुसऱ्या टाकीत त्या शैवालावर रोटिफर वाढवावयाचे आणि तिसऱ्या टाकीत त्या रोटिफरांवर पिले वाढवावयाची. रोटिफर एक दिवस जरी कमी पडले, तरी हजारो पिले दगावतात. कधी कधी पोट भरलेले असूनही पिले दुबळी राहतात. रोटिफर आणि आर्टेमिया यांत पिलांना आवश्यक असणारी काही तैलद्रव्ये पुरेशी नसतात, असे त्याचे कारण आढळून आले. म्हणून आता या जीवांना ती द्रव्ये खाऊ घालून मगच पिलांच्या टाकीत सोडतात. आपल्या पिलांनी खाल्ले की नाही, हे पाहण्यासाठी तेथील कामगार थोडी पिले काचेच्या पात्रात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. पारदर्शक पोटातून आतडे स्पष्ट दिसते. त्यात गिळलेले भक्ष्य दिसले, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो.

समुद्रात असे पाहणारे कोणी नसते. तेथे ऊन, वारा, प्रवाह आणि प्लवक यांचा मेळ बसावा लागतो, तेव्हाच पिलांच्या मुखी घास पडतो. बाजारात कोळिणीच्या टोपलीत दिसणारा समुद्रातील प्रत्येक मासा कधी काळी याच परीक्षेतून पार पडलेला असतो. लाखो भावंडांपैकी त्याला, अगदी वेळेवर, पहिला घास मिळालेला असतो.

अभ्यास

१. कॉडच्या अंड्यांविषयी पूर्वी कोणती समजूत होती? सार्स यांना काय आढळले?

२. डॅनेविगच्या कार्याला अपेक्षित यश का आले नसावे?

३. पीतकाला ‘शिदोरी’ का म्हटले आहे?

४. जठर नसताना पिलू अन्न कसे पचविते, ते थोडक्यात सांगा.

५. वादळामुळे अँकोव्हीच्या पिलांवर कोणते संकट आले?

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : छडा लावणे, तग धरणे, जीव भांड्यात पडणे.

७. कॉड आणि जिताडा यांच्या पिलांत कोणते साम्य आणि कोणता भेद आहे, ते लिहा.